सोनं अंगावर, किल्ली कुणाकडे?

लग्नघरातला हा देखावा तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मुलगी पिवळी अष्टपुत्री नेसून बसलेली असते. मामी तिच्या हातात पाटल्या चढवत असते, मावशी नथीचा फासा नीट बसवत असते, आणि दारात उभी राहून काकू-आत्या डोळ्यांनीच वजन करत असतात. "ठुशी नवीन केली वाटतं?" "छे गं, आजीची आहे. नुसती गाठवून घेतली." "आणि तोडे?" "ते तिकडचे." अशी सगळी चौकशी होते. कुठल्या सराफाकडे केलं, किती तोळ्यांचं, घडणावळ किती घेतली, सगळं विचारून होतं.

एकच प्रश्न कुणी विचारत नाही. उद्या रात्री हे सगळं अंगावरून उतरल्यावर ते कुठे ठेवलं जाणार? आणि त्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असणार?

तुम्ही म्हणाल, शुभकार्यात हा काय अभद्र विषय! खरं सांगते, मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरी जे घडलं ते पाहिलं, आणि माझं मत बदललं.

वहिनींच्या पाटल्या

आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी राहात होतो. भिंतीला भिंत लागून वहिनींचं बिऱ्हाड. घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी. नवरा निर्व्यसनी, सासूबाई शिस्तीच्या पण मनाने वाईट नव्हेत. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी चार तोळ्यांच्या पाटल्या, बोरमाळ आणि कुड्या घातल्या होत्या. शाळामास्तरांचा पगार तो केवढा! फंडातून पैसे काढून केलेल्या पाटल्या. सोळा दिवस झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रोज कामाला हात लागतो, झिजतील. माझ्या कपाटात ठेवते." वहिनींनी काढून दिल्या. आपण नसत्या दिल्या? नव्या सुनेने काय बोलायचं!

अकरा वर्षं गेली. एक दिवस माहेराहून निरोप आला की आईचं ऑपरेशन करायचंय, पैशांची जुळवाजुळव चालली आहे. वहिनींना आपल्या पाटल्या आठवल्या. वडिलांनीच तर घातलेल्या, आता आईच्या कामी येतील, असं मनाशी ठरवून त्या सासूबाईंकडे गेल्या. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्या आपल्या वन्संच्या लग्नात मोडल्या नाहीत का? तुला ठाऊक नाही?"

वन्संच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या लग्नात वहिनी चार दिवस पदर खोचून राबल्या होत्या. नणंदेच्या हातातल्या नव्या बिलवरांचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. ते बिलवर कशाचे झाले, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या का हो? माझीच नणंद ती. पण मला कुणी विचारलंच नाही."

पुढे गोष्ट निघाली तेव्हा सासूबाईंचीही हकीकत कळली. त्यांचे माहेरचे गोठ त्यांच्या दिराच्या किराणा दुकानात गेले होते. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. सोनं बायकांच्या अंगावरचं, पण निर्णय घराचा, हाच त्यांना धडा मिळालेला. तोच त्यांनी पुढे गिरवला.

कुणी काय घालायचं?

आपल्याकडे नवरीच्या अंगावर सोनं चढतं ते एका हाताने नव्हे. मंगळसूत्र सासरचं, पण त्यातल्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची, अशी पद्धत अनेक घरांत आहे. अष्टपुत्री मामाकडची. सून उंबरठा ओलांडून आली की सासू आरशात तिचं मुख पाहते आणि सूनमुख म्हणून एखादा दागिना घालते. आजी आपल्या गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून नातीच्या गळ्यात घालते. आत्या कानातले वेल देते. प्रत्येक दागिन्याच्या मागे एक माणूस उभं असतं. म्हणून तर चाळीस वर्षांनीही बाई डबी उघडून सांगते, "ही ठुशी आजीची, ह्या कुड्या थोरल्या मामाच्या."

दागिन्यांचे प्रकार तरी किती! गळ्यालगत ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी. त्याखाली बोरमाळ, मोहनमाळ, एकदाणी. आणखी खाली चपलाहार, लक्ष्मीहार. मोत्यांमध्ये तन्मणी आणि नथ. हातात पाटल्या, बांगड्या, तोडे, गोठ, दंडात वाकी. कानात कुड्या, बुगडी, बाळ्या. कोल्हापूरकडचा साज तर एखाद्या पोथीसारखा वाचावा. त्याच्या २१ पानांत १० पानं दशावतारांची आणि ८ अष्टमंगलाची. पायात मात्र जोडवी, विरोद्या, पैंजण हे सगळं चांदीचं. सोनं म्हणजे लक्ष्मी, ती पायात घालायची नाही, ही आपल्याकडची समजूत. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे गाव त्या चांदीकामासाठीच प्रसिद्ध आहे.

आणि गंमत पाहा, नव्या नवरीला आपण नुसतं सोन्याने नटवत नाही. पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. डोहाळजेवणाला फुलांची वाडी. हलवा दोन दिवसांत विरघळतो, फुलं संध्याकाळी कोमेजतात. त्यांच्यावरून कधी कुणाचं भांडण झाल्याचं ऐकलंय? टिकतं ते सोनं. अडीनडीला बाजारात उभं राहतं तेही सोनंच. म्हणून त्याचाच हिशेब ठेवावा लागतो.

पूर्वीच्या बायकांना बँकेत खातं नव्हतं, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. बापाच्या जमिनीत मुलीला वाटा मिळत नसे. तेव्हा आईबाप जे काही देऊ शकत ते तिच्या अंगावर घालून पाठवत. दागिना ही नुसती हौस नव्हती, ती तिची पुंजी होती. आता हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरीही "लग्नात एवढं सोनं घातलं ना, मग आणखी वाटा कसला?" असं म्हणून भाऊ हक्कसोडपत्रावर सही घेतात, हे आपण आजूबाजूला पाहतोच. लग्नात दिलेला दागिना आणि वारसाहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

हौसेने दिलेलं आणि मागून घेतलेलं

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुलीला आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या खुषीने घातलेला दागिना वेगळा आणि वरपक्षाने मागितलेलं सोनं वेगळं. पहिली भेट, दुसरा हुंडा. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणं, देणं आणि मागणं हे तिन्ही गुन्हे आहेत.

हल्ली कुणी उघड तोंडाने मागत नाही. "आमचं काही म्हणणं नाही, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला. आमच्या थोरलीच्या अंगावर तिच्या वडिलांनी पंचवीस तोळे घातले होते, एवढं आपलं कानावर असू द्या." ही मागणीच आहे, फक्त रेशमी कापडात गुंडाळलेली. असं वाक्य बैठकीत ऐकू आलं की मुलीच्या आईने कर्ज किती काढायचं याचा हिशेब मांडू नये. ही सोयरीक करायची की नाही, याचा विचार आधी करावा.

जुनं शास्त्र आणि आजचा कायदा

"स्त्रीधन" हा शब्द काही कोर्टाने शोधून काढलेला नाही. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भावाने, आईने, वडिलांनी दिलेलं. याज्ञवल्क्य स्मृती तर पुढे जाऊन सांगते की नवऱ्याने बायकोच्या स्त्रीधनाला हात लावायचा तो केवळ दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैदेसारख्या संकटात. म्हणजे ज्या काळी बाईला इतर बाबतींत फारसं विचारत नसत, त्या काळातही हे धन तिचं, हे मान्य होतं.

आजचा कायदा त्याहून स्वच्छ आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण ठरते. लग्नात मिळालेले दागिने त्यातच येतात. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या निकालात सांगितलं की स्त्रीधन सासरच्या घरात ठेवलं म्हणून ते सगळ्या घराचं होत नाही. नवरा किंवा सासरची माणसं ते फक्त सांभाळणारी, विश्वस्त. मागितल्यावर परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा.

एप्रिल २०२४ मधला निकाल तर वहिनींची गोष्ट वाचतोय असं वाटावं असा आहे. केरळातल्या एका मुलीच्या अंगावर माहेरच्यांनी ८९ पवन सोनं घातलं होतं. पवन म्हणजे ८ ग्रॅम. लग्नाच्या पहिल्याच रात्री सुरक्षित राहावं म्हणून नवऱ्याने ते आपल्या आईकडे दिलं, आणि पुढे घराची जुनी देणी फेडण्यात ते गेलं, अशी तिची तक्रार. लग्न २००३ सालचं, शेवटचा निकाल २०२४ चा. न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही बाईची संपूर्ण स्वतःची मालमत्ता. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. तिला २५ लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. न्याय मिळाला, पण मध्ये एकवीस वर्षं गेली.

इतर धर्मांतल्या भगिनींचाही हक्क आहेच. हुंडा प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांना लागू आहे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला मेहर तर मिळतोच, शिवाय लग्नात माहेरच्यांनी, नवऱ्याने आणि त्याच्या नातेवाइकांनी दिलेल्या वस्तूही परत मिळायला हव्यात.

त्यांनी दिलं, कारण ते त्यांचं होतं

याचा अर्थ बायकोने डबीवर नागासारखं बसून राहावं असा मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रात बायकांनी आपलं सोनं किती मोठ्या कामांना दिलंय! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नसलेला पहिला मराठमोळा चित्रपट लोकांसमोर आणला. त्याच्या भांडवलाला सरस्वतीबाईंचे दागिने लागले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. सातारच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना विकला, शेवटी मंगळसूत्रही दिलं.

या दोघींची नावं आज आपण आदराने घेतो ती त्यांचे दागिने गेले म्हणून नव्हे, त्यांनी ते दिले म्हणून. दान करायलासुद्धा वस्तू आपली असावी लागते. जे कुणी न विचारता नेलं त्याला त्याग म्हणता येत नाही. वहिनींचं दुःख नेमकं हेच होतं. पाटल्या देण्याचं पुण्यही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

यादी करा, आणि दोघांच्या सह्या घ्या

मग करायचं काय? भांडायचं नाही, संशय धरायचा नाही. एक यादी करायची. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. १९८५ साली केंद्र सरकारने हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली नियमच केले आहेत की वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची आणि वराला मिळालेल्यांची वराने. किती घरांत ती होते? पत्रिका हजारभर छापतो, जेवणाचे पदार्थ पाच वेळा लिहून काढतो, पण हा एक कागद राहून जातो.

यादीत काय काय असावं ते नीट पाहून ठेवा:

१. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन. नुसतं "हार" नको. "मोहनमाळ, दोन पदरी, २२ कॅरट, २८ ग्रॅम" असं.

२. अंदाजे किंमत. वजनही जरूर लिहा. भाव रोज बदलतो, वजन बदलत नाही.

३. देणाऱ्याचं नाव.

४. देणारा नातेवाईक असेल तर नातं.

५. वधू आणि वर, दोघांच्या सह्या.

यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर करावी. साधा कागद चालतो. दोन प्रती करा, एक मुलीजवळ, एक माहेरी. सराफाच्या पावत्या तिला जोडा. घरच्या जुन्या दागिन्यांची पावती नसते, तेव्हा ते सराफाकडून तोलून घेऊन तसं चिठ्ठीवर लिहून घ्या. मोबाइलवर प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा. अंगावर घातलेलाही एक असू द्या. लग्नातले फोटो पुढे पुराव्याला उपयोगी पडतात.

लग्न होऊन वीस वर्षं झाली असतील तरी आज बसून स्वतःपुरती यादी करा. कोणता दागिना कुणी दिला, कधी मोडला, कशासाठी मोडला, त्यातून काय नवीन केलं, हे सगळं लिहा. ज्यांना आपल्यामागे अमुक दागिना लेकीला आणि तमुक सुनेला जावा असं वाटतं, त्यांनी ते मृत्युपत्रात लिहावं. "तोंडी सांगून ठेवलंय" यावरूनच बहिणीबहिणींत अबोला होतो.

आणि खरोखरच वाईट वेळ आलीच, घर सोडायची पाळी आली, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा हुकूम करू शकतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.

तोळा कोणता, सोनं किती?

हिशेब ठेवायचा तर मापं ठाऊक हवीत. आजीच्या काळचा तोळा म्हणजे १२ मासे, आणि एक मासा ८ गुंजांचा. ग्रॅममध्ये तो तोळा भरतो ११.६६ ग्रॅम. आज दुकानात "तोळा" म्हणतात तो १० ग्रॅमचा. म्हणजे आजीच्या पाच तोळ्यांचे ५८ ग्रॅम होतात आणि आजच्या पाच तोळ्यांचे ५०. जुना दागिना मोडताना किंवा बदलून घेताना बोलणी ग्रॅममध्येच करा.

आता कस. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोनं, पण ते मऊ, दागिन्याला टिकत नाही. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ आकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरटवर ७५० आणि १४ कॅरटवर ५८५. वयस्कर बायकांना आठवत असेल, १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर करायला बंदी झाली. किती सोनारांचा धंदा बसला! ते १४ कॅरटचं बंधन १९६६ मध्ये उठलं, आणि सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच १९९० साली रद्द झाला. पण त्या वर्षांत केलेला एखादा दागिना अजून तुमच्या कपाटात असेल, तर तो २२ कॅरटचा समजून फसू नका.

जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. नव्या दागिन्यावर तीन खुणा पाहायच्या: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो घालून दागिना तपासता येतो. यादी करताना हा क्रमांकही लिहा, म्हणजे "हा तो नव्हेच" असं कुणाला म्हणता येणार नाही. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला मात्र ही सक्ती नाही.

वजनाची आणखी एक मेख आहे. बोरमाळेसारख्या दागिन्यांचे पोकळ मणी पुष्कळदा लाखेने भरलेले असतात. खडे-मोती असतील तर त्यांचंही वजन काट्यावर येतं. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन, दोन्ही वेगवेगळी लिहून मागा. घडणावळ मोडताना परत मिळत नाही, हे धरूनच नक्षीची हौस करावी.

"पण एवढं सोनं घरात ठेवलं तर इन्कम टॅक्सवाले येतील ना?" असं काही जणी विचारतात. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेप्रमाणे धाड पडली तरी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम आणि अविवाहित मुलीचे २५० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. त्याहून जास्त असेल आणि पावत्या-यादी जवळ असेल, तरी भिण्याचं कारण नाही.

लॉकर आणि निगा

लॉकर घ्यायचा तर स्वतःच्या नावावर, निदान नवऱ्याबरोबर दोघांच्या नावावर घ्या, आणि नामनिर्देशन करा. २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसांनी केलेली फसवणूक यांत नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. बँकेची हयगय नसेल तर महापूर-भूकंपाची भरपाई नाही. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या भगिनींनी तळमजल्यावरचा लॉकर घेताना दोनदा विचार करावा. आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसतं, म्हणून यादीची एक प्रत घरी हवीच.

सोन्याच्या बांगड्या-साखळ्या कोमट रिठ्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने साफ करा आणि पूर्ण कोरड्या करून ठेवा. लाख भरलेले मणी, मोती आणि कुंदन मात्र गरम पाण्यात कधीही घालू नका. मोती घालण्याआधी अत्तर-पावडर लावून घ्या, काढल्यावर मलमलीच्या फडक्याने पुसा. तन्मणी-चिंचपेटीचा दोरा सैल वाटला की वेळीच पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. चांदी हवाबंद पिशवीत, वेगळी ठेवा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, यादी समोर धरून सगळं एकदा ताडून पाहा.

वहिनींच्या मुलीचं लग्न

मागे वहिनींच्या धाकटीचं लग्न झालं. मी गेले होते. त्यांनी मुलीच्या अंगावर फार घातलं नाही. एक मोहनमाळ, चार बांगड्या आणि कानातलं. साखरपुड्याच्याच बैठकीत त्यांनी वहीतला एक कागद काढला आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "तुमचा अपमान करायचा नाही. तुम्ही तिला घालणार तेही आम्ही यात लिहू. फक्त दोघा मुलांच्या सह्या हव्यात."

खोलीत एकदम शांत झालं. मुलाच्या काकांनी भुवया उंचावल्या. मलाही वाटलं, आता काही तरी बोलणं निघणार. विहीणबाईंनी कागद घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या आपल्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "याची एक नक्कल करून घे गं. पुढच्या वर्षी तुझ्या लग्नात लागेल."

लग्न झालं. सोळा दिवसांनी वहिनींच्या लेकीने दागिने उतरवले, गुलाबी कागदात गुंडाळले आणि डबीत ठेवले. डबी सासूबाईंच्याच कपाटात गेली, कारण घरात भक्कम कपाट तेवढंच होतं. पण त्याच्या दोन किल्ल्या होत्या. एक सासूबाईंकडे राहिली, आणि दुसरी त्यांनी आपण होऊन सुनेच्या हातात ठेवली.